डब्यावरची ओळ

मुलगी : आणि ही ओळ कुठे गेली?

काका : कुठली?

मुलगी : काका, वेड पांघरू नका. “इंजिन कंपनीची अधिकृत मान्यता.” वीस वर्षं आपल्या तेलाच्या डब्यावर आहे ती. ह्या नव्या लेबलवर नुसतं “या इंजिनांसाठी योग्य”.

काका : योग्यच आहे. सही कर, छापखानेवाला खोळंबलाय.

मुलगी : बाबांना जाऊन महिना झाला नाही. त्यांच्या खुर्चीत बसून पहिलं काम हे?

काका : खुर्ची काढू नकोस. दरवर्षी फी, दरवर्षी नमुने, त्यातून प्रत्येक इंजिन कंपनीचे नखरे वेगळे. मोठमोठे ब्रँडही सोडतायत मान्यता. आपण कोण लागून गेलो? गिऱ्हाईक डब्याचा रंग बघून तेल उचलतं.

मुलगी : गिऱ्हाईक गॅरेजवाला सांगेल ते उचलतं. आणि गॅरेजवाला फोन मला करतो. उद्या इंजिन जाम झालं, तेलाला मान्यता नाही म्हणून कंपनीने वॉरंटी नाकारली, तर तुमचं “योग्य” काय चाटायचंय त्याने?

काका : तोंड सांभाळ.

मुलगी : तेलाचा घट्टपणा किंचित कमी भरला म्हणून बाबांनी अख्खी टाकी रिकामी करायला लावली होती मला. सगळ्या कामगारांसमोर. आणि तुम्ही...

काका : तुझ्या बाबांनीच सोडली.

मुलगी : काय?

काका : मान्यता. दोन वर्षं झाली. खालचा खण उघड, हिरवी फाईल.

(खण उघडल्याचा, मग पानं उलटल्याचा आवाज.)

मुलगी : सही बाबांचीच आहे.

काका : तेलात घालायचं रसायन बनवणारा कारखाना बंद पडला. दुसऱ्याकडून घेतलं. रसायन बदललं की मान्यता संपते. इंजिनावरची चाचणी पहिल्यापासून, आठ महिने. दादा म्हणाला, तेल आधीपेक्षा चांगलं झालंय, त्यांचा कागद हवाय कुणाला?

मुलगी : पण लेबल तेच ठेवलं.

काका : पुढच्या वर्षी पाठवू चाचणीला, म्हणाला. मग अंथरूणच धरलं.

मुलगी : दोन वर्षं मी लोकांना छातीठोकपणे सांगतेय, मान्यता आहे म्हणून. तुम्ही शेजारच्या टेबलावर बसून ऐकत होतात!

काका : होतो. पोरीला कळू देऊ नकोस, अशी शपथ घातली होती त्याने.

मुलगी : प्रयोगशाळा माझ्या हातात, आणि कळायला नको मलाच?

काका : मला काय विचारतेस? त्याला विचारायचंस. आता सही कर. लोक म्हणतील, भावाचे डोळे मिटले आणि धाकट्याने हात आखडला. म्हणू देत. मला सवय आहे.

मुलगी : “योग्य” पण खोडा. चाचणी झालेली नाही, मग योग्य ठरवलं कुणी? आणि गोदामातला एकही डबा बाहेर जाणार नाही.

काका : आणि जे गेलेत ते?

मुलगी : गॅरेजवाल्यांना फोन करते. एकेकाला.

काका : डोकं फिरलंय तुझं! दादाचं नाव मातीत घालशील. ठेव तो फोन.

मुलगी : हॅलो, मिस्त्री? तेलाच्या कारखान्यातून बोलतेय. हो, त्यांचीच मुलगी. आमच्या डब्यावर मान्यता लिहिलीय ना, ती आमच्याकडे नाही. दोन वर्षांपासून. ...नाही, मिस्त्री. काकांनी नाही. बाबांनी.