विसावं नाव

बाई : ...सतरा, अठरा, एकोणीस. मामा, एकोणीसच.

शिपाईमामा : सकाळपासून तिसऱ्यांदा मोजताय. मोजून पोरं वाढली असती, तर मीपण बसलो असतो मोजायला.

बाई : वीस नाही भरले तर सोमवारी शाळेला कुलूप. साहेबांनी तोंडावर सांगितलंय.

शिपाईमामा : आणि ही एकोणीस?

बाई : खासगी शाळेत यांना कोण घेतंय? पुढची सरकारी शाळा दीड तासाच्या वाटेवर. निम्मी घरीच बसतील... मामा, तुमची नात सहाची झाली ना?

शिपाईमामा : झाली. पण सुनेनं खासगीतला अर्ज आणलाय.

बाई : तीस वर्षं इथली घंटा वाजवलीत, आणि घरची पोर तिकडं? लोक काय म्हणतील?

शिपाईमामा : लोक तुमचंच नाव सांगतात, बाई.

बाई : माझं?

शिपाईमामा : पोर जरा चुणचुणीत दिसलं, की तुम्ही त्याच्या आईला बोलावून घ्यायचात. "याचं इथं नुकसान होईल, मोठ्या शाळेत घाला." दरवर्षी दोन-तीन अशी गेली. मग शाळेचा निकाल चांगला कसा लागणार? निकाल पडला, तशी बाकीचीही पांगली.

बाई : एका खोलीत चार वर्ग, आणि मी एकटी. पोरांच्या भल्यासाठीच सांगत होते हो.

शिपाईमामा : माहितीये. म्हणून तर कुणी तुम्हाला बोल लावत नाही. ...जाऊ दे. घाला नाव. सुनेचं मी बघतो. ए चिमणे, आत ये. बाईंना नमस्कार कर.

बाई : ये गं. फळ्यावरचं काही वाचता येतं का?

नात : सगळं येतं. पण बाई, ते खालचं चुकलंय. नऊ सक चोपन्न. तुम्ही चौसष्ट लिहिलंय.

बाई : अगं, ते चौथीचं आहे. तुला कुणी शिकवलं?

नात : आजोबांबरोबर येते ना मी. खिडकीतून ऐकते.

शिपाईमामा : लिहा, बाई. पेन उघडलंय तुम्ही.

(बाई पेनाला टोपण लावतात.)

बाई : मामा, सुनेला म्हणावं, अर्ज आजच भर. उद्यापर्यंत जागा राहायच्या नाहीत.

शिपाईमामा : बाई! आणि शाळा?

बाई : घंटा द्या, मामा. पोरांची घरी जायची वेळ झाली.