शेवटल्या ओळीत नाव नव्हतं

हे रेकॉर्डिंग सुरू झालं का दीदी? थांबा, पोरीला मांडीवर घेते. मी इथलीच, जबलपूरची, बाप रिछाईत कारखान्यात होता, आई नागपूरकडची, घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, आठवीत शाळा सुटली आणि लग्न होऊन इकडे घमापुरात आली. तुम्ही इतक्या कवी लोकांशी बोलल्या म्हणता, त्यांची पुस्तकं असतील, माझं जे आहे ते तोंडात आहे, काय सांगू तुम्हाला.

सासू माझी, तिलाही मी आईच म्हणते, बिड्या वळते. पोरगी झोपत नव्हती म्हणून मी आपलीच गाणी जुळवायची, आजीच्या बोटाले तंबाखूचा वास, त्याच बोटांनी भरवते घास, असं. पण हळू म्हणायची, काहून की आईनं ऐकलं तर म्हणेल, सून माझ्या हाताची बदनामी करते. पडद्यापलीकडे ती पानं कापत बसायची. तिची कैची थांबली की माझा जीव उडायचा, मी चूप.

मग विहारात बायांचं गाणं होतं, तर सगळ्यांसमोर आईच म्हणते, आमची सून म्हणेल. उठली मी. डोळे मिटले आणि तोंडातून तेच निघालं, दुसरं सुचलंच नाही ना. संपलं तर एक काकू म्हणते, आपल्यात गाणं बनवणारा शेवटल्या ओळीत नाव घालते, ह्यात तर नावच नाही, कोणाचं गं हे, बेवारस? मी म्हटली, जुनं आहे, कुठंतरी ऐकलं. अन् आई उठली. मी म्हटलं, झालं आता.

ती म्हणे, जुनं कसं, नात माझी आत्ता रांगते, बोटं ही माझी, आणि फाटक्या आवाजात तिनंच ओळ जोडली, म्हणे सीमा, सासूची खास. काय हसल्या बाया, काय टाळ्या!

रस्त्यात विचारलं, आई, राग नाही आला? म्हणे, आला ना, साऱ्या मोहल्ल्याला माझा वास सांगितला, आता काय साबण घेऊन फिरू? पण तू हळू काहून म्हणत होती गं, ऐकू येत नव्हतं मले, तेवढ्यासाठीच तर कैची थांबवत होती.

आता तुम्ही नाव छापू का विचारता. भीती वाटते दीदी, अजून वाटते. पण छापा, सीमा एवढंच, आणि शेवटली ओळ आईची आहे हे बी लिहा, नाहीतर मला जेवू देणार नाही. बघा, पडद्यामागं कैची थांबली. चलो, मी जरा जोरात बोलते.