नव्या पंपाचा वास

माहं माहेर नरखेड तालुक्यातलं, संत्र्याच्या पट्ट्यातलं, पन बाग आमची नाई हं, बाग दुसऱ्याची, माहा बाप तथी ओलीत करायचा, फवारायचा, आन संध्याकाळी घरी आला का माय त्याले आंगनातच थांबवायची, पयले सदरा काढा म्हने, मंग आत या. त्या सदऱ्याचा वास, काय सांगू तुम्हाले, फवारणीचा वास, तो टाळूले जाऊन चिकटते, जेवनात येते, झोपेत येते. तो वास मी कोठीबी ओळखीन. हे आधीच सांगून ठेवतो, पुढं त्याचंच काम हाये.

भाऊ नाई मले. काकाचा विनोद होता, तो माह्या कडेवर वाढला, तोच माहा भाऊ. लग्न होऊन नागपूरले आली, मालक रामदासपेठेत एका दवाखान्यात लिफ्ट चालवतेत, तरी दर भाऊबीजेले विनोद त्याच्या छोट्या बागेतल्या संत्र्याची पिशवी घेऊन दारात हजर, ताई, ओवाळ वं लवकर, भूक लागली म्हने. असा होता तो. लोक म्हनत, सख्खा बी एवढं नाई करत.

मंग मले दातांच्या गाडीवर काम भेटलं. म्हंजे धंतोलीतल्या एका धर्मादाय दवाखान्याची मोठी गाडी हाये, अंदर खुर्ची, बत्ती, बेसिन, सगळं एका खोलीवानी, आन ती गावोगाव जाते. डॉक्टर मॅडम दात पाहाते, मी हत्यारं उकळतो, पेशंटले गुळण्या कराले पानी देतो, झाडपूस करतो. जुना ड्रायव्हर सोडून गेला तवा मीच मॅडमले म्हटलं, माहा भाऊ हाये, गाडी झकास चालवते, माह्या जिम्म्यावर घ्या. घेतला त्यायनं. मी देवापुढं साखर ठेवली होती त्या दिवशी, मूर्ख बाई.

आता गाडीत पानी कसं येते ते सांगतो. बाकाखाली टाकी, टाकीजवळ छोटा पंप, बॅटरीवर चालते. नळ उघडला का आपोआप सुरू, बंद केला का चूप. तर गेल्या उन्हाळ्यात त्या पंपाले बिमारी लागली. नळ बंद, तरी टुकटुक करे, मंग चूप, मंग पुन्हा टुकटुक, आन पेशंट तोंड उघडून बसला का धार करंगळीएवढी. विनोद न मी बाक उघडून बसलो. टाकी पाह्यली, भरली होती. जाळी काढून धुतली, कचरा नाई. वायरीची टोकं घासली. पायपाच्या जोडावरून कागद फिरवला, कोठी ओला होते का पाहाले, तर कागद कोरडाच. तवा विनोद म्हने, ताई, पानी बाहेर नाई गळून रायलं, पंपाच्या पोटातच मागं फिरून रायलं, अंदरचा पडदा गेला, हा बदलाच लागन. आन बरोबर होतं त्याचं. हुशार पोट्टा, हे मी आजही म्हनतो, हुशारीत काईच कमी नव्हतं.

मॅडमनं नवा पंप मागवला. डब्बा आला तवा आमचं काम आटपलं होतं, मी बसवाले थांबत होती, तर विनोद म्हने, तू जाय घरी ताई, दिवसभर उभी हायेस, मी बसवतो. मले बापा एवढं भरून आलं. बसमध्ये बसूनबी तेच मनात, का भाऊ असावा तर असा.

टुकटुक बंद झाली, खरं हाये. पन पान्याले वास येऊ लागला. मी इचारलं, काहून गा, कायचा वास हाये? म्हने, नव्या रबराचा हाये, जाईन हळूहळू. आता पाहा तुम्ही, ज्या वासात मी लहानाची मोठी झाली, तो वास माह्या नाकानं बरोबर ओळखला होता, नाक ओरडून सांगत होतं, पन मी नाकापेक्षा भावावर इस्वास ठेवला.

पेशंट बोलाले लागले, पानी कडू हाये बाई. मॅडमपर्यंत गेलं. मॅडमनं इचारलं तर हा विनोद माह्यासमोर, माह्या तोंडाकडे पाहून म्हनते, ताई टाकीत पानी शुद्धीचं औषध जास्त टाकत असन. मॅडम मले बोलली, जरा जपून टाकत जा म्हने. मले वाटलं, पडला असन माह्या हातून एखादा थेंब जास्त. मंग मी रोज टाकी धुतली, घासून घासून हाताची सालं निघाली, आन पाईप कोन धरून उभा? विनोद. पुरे झालं वं ताई, हात दुखतीन तुहे, असं म्हने. सांगा आता, काय म्हनावं या मानसाले!

मंग आमचं शिबिर लागलं आमच्याच गावात, शाळेच्या पटांगनात. माही माय आली, दाढ दुखत होती तिची. खुर्चीवर बसवली, मी माह्या हातानं पेला भरून देला. मायनं चूळ भरली न तोंड वाकडं केलं, कडू लागते वं, म्हने. मी म्हटलं, रबर नवं हाये माय, थुक न पुन्हा भर. पुन्हा भरली तिनं. पोरीनं सांगितलं म्हनून भरली.

तिच्यामागं नंबर पिंकीचा, विनोदच्या पोट्टीचा. ती खुर्चीवर बसली तसा विनोद धावत केबिनमध्ये गेला न पान्याची सीलबंद बाटली घेऊन आला. म्हने, हिले या पान्यानं करू दे गुळण्या. मी म्हटलं, काहून गा? म्हने, हिचा गळा नाजूक हाये. आन माह्याकडे पाह्यलंच नाई त्यानं.

मी पेचकस घेतला न सगळ्यायसमोर बाक उघडला. मॅडम म्हने, काय करता शोभाबाई? पंप दिसला, नवा कुठला, घासलेला, कोपरा तुटलेला, पेचाच्या भोवती पांढरा थर बसलेला. नाक जवळ नेलं, तर माहा बाप आंगनात उभा, सदरा काढून रायला.

आमच्याईकडे पाठीवरचा बॅटरीवाला फवारणी पंप असते ना, त्याच्या पोटातबी असाच छोटा पंप असते, याच जातीचा, इकडचा तिकडं बसते. विनोदच्या बागेतल्या पंपाचा जोर कमी झाला होता, फवाऱ्याले पुरेना, नळाले पुरे. यानं गाडीचा नवा पंप नेला बागेत, न बागेतला जहर प्यालेला पंप आनून बसवला लोकायच्या तोंडाले. कुंपनच शेत खाते म्हनतेत, ते हेच.

मी म्हटलं, विनोद, हे काय हाये? तर म्हने, धुतला होता वं ताई, साबनानं धुतला, आपन औषधाचे रिकामे डबे धुऊन पान्याले वापरतोच ना, कोन मेलं त्यानं? हे खरं हाये, आमच्याईकडे वापरतेत लोक, माह्या मायच्या घरीबी तसा डबा होता. मी म्हटलं, एवढा धुतला होता, तर पिंकीले बाटली काहून? त्यानं पिंकीचा हात धरला न तिले खुर्चीवरून उतरवलं. माही माय पायरीवर बसून होती, पदरानं तोंड पुसून रायली होती, ती ऐकत होती सगळं.

मॅडमले मीच सांगितलं. शिबिर बंद केलं, मॅडमनं पेशंट परत बोलावून तपासले. देवाची कृपा, कोनाले मोठं काई झालं नाई, मायचं तोंड आलं होतं, तिखट खाता येत नव्हतं, ते बी बरं झालं. टाकी, पाईप, सगळं नवं टाकलं. विनोदचं काम गेलं. काकू बोलली मले, भावाच्या पोटावर पाय देला म्हने. मी म्हटलं, काकू, माह्या मायच्या तोंडात त्यानं काय देलं, ते इचार न त्याले पयले. चोराच्या उलट्या बोंबा!

आता नवा पंप मी सोता बसवला, मेकॅनिक नुसता बाजूले उभा होता. गाव कोनतंबी असो, सकाळी नळ उघडला का पयली चूळ मी भरतो, मंग पेशंट. मॅडम म्हनते, आता काहून भेता शोभाबाई? भेत नाई जी, पन केल्याबिगर राहावत नाई.

यंदा भाऊबीजेले विनोद आला, पिशवी घेऊन. मले वाटलं नव्हतं येईन म्हनून. आल्या मानसाले पानी द्यावं, म्हनून मी पेला भरून देला. म्हटलं, पी गा, माह्या घरचं हाये, यात काई नाई. त्यानं पेला हातात धरला, डोळे भरले त्याचे, मंग पेला तसाच ओट्यावर ठेवला न पिशवी सोडून निघून गेला. मीबी थांब नाई म्हटलं.

चंद्र दिसला तवा ताट घेऊन गच्चीवर गेली, भाऊ नसलेल्या बाया ओवाळतेत तसं चंद्राले ओवाळलं. जल्मात पयल्यांदा. पिंकीचं भलं होवो म्हटलं, त्या लेकराचा काय कसूर, सुखी राहो, दात मजबूत राहो तिचे. खाली आली तर मालक पिशवी उघडून बसले होते, म्हने, संत्री गोड दिसून रायली, खाऊ का? मी म्हटलं, खा ना जी. पन धुऊन खा.