उत्तरेचं दार

खरं तर हे मी सांगायचं नाही. मम्मीनं बजावलंय, "अनुताईच्या कानावर गेलं, तर बाळाला घेऊन रातोरात पुण्याला परत जाईल." पण उद्या बाळाचा बाप्तिस्मा आहे, आणि तुम्हा दोघांना सांगितल्याशिवाय मला झोप येणार नाही. मम्मी देवळात माळा लावतेय, तोवर सांगते. निर्मल, शेकोटीतलं ते लाकूड आत सार. अबोली, शाल घे. आणि हसायचं नाही. कुणी हसलं की मला पुढचं आठवत नाही. हं, ऐका.

हे आपलं देऊळ. पाळकसाहेब चर्च म्हणतात, पण आबा देऊळच म्हणायचे. मिशनरी हॉलोवे साहेबांनी बांधलं. त्यांच्या विलायतेतल्या गावी सात-आठशे वर्षांचं जुनं देऊळ होतं, त्याची त्यांना फार आठवण यायची. म्हणून दगड आपल्या टेकडीचा, घाम आपल्या माणसांचा, पण आकार हुबेहूब तिकडचा. तसाच बुटका चौकोनी मनोरा. तसंच बाप्तिस्म्याचं दगडी कुंड. भिंती इतक्या जाड की आबा घंटा वाजवायचे, तेव्हा मी खिडकीच्या कोनाड्यात पाय वर घेऊन बसायचे. आता घंटा कुणी तशी वाजवत नाही. कुणीही येतं आणि ओढतं. असो.

आणि तसंच ते उत्तरेचं दार. लहानसं, वाकून जावं लागेल असं. त्यातून कुणीच जात नाही. साहेबांच्या गावी रीत होती, बाप्तिस्मा चालू असताना ते दार उघडं ठेवायचं. बाळाला सोडून जे वाईट निघतं, त्याला बाहेर जायला वाट नको? मग घट्ट कडी. आपल्या लोकांनीही ती रीत पाळली.

आता ऐका. आबा तेव्हा तरुण. पप्पा तान्हे. पप्पांच्या बाप्तिस्म्याला नवे पाळक आले होते. थंडीचे दिवस. ते म्हणाले, "शांतवन, ते दार लाव. लेकरू गारठेल."

"साहेब, रीत आहे."

"बायबलात आहे का ही रीत?"

आबांनी उघडलेलं दार लावून टाकलं.

त्या रात्री पप्पांना ताप चढला. अंग तव्यासारखं. दूध घेईनात. शेवटी तर रडणंही थांबलं! उशाशी सारूबाई सुईण बसली होती. म्हणाली, "शांत्या, निघालं ते बाहेर गेलंच नाही रे. देवळात कोंडलंय, लेकराला हाका मारतंय. ऊठ, दार उघड. उजाडायची वाट बघू नको."

आबा निघाले. हातात कंदील, कमरेला देवळाची किल्ली. कब्रस्तानातल्या जवळच्या वाटेनं.

चालले, चालले. चिंच लागली. पुढे गेले. पुन्हा तीच चिंच! मनोरा समोर दिसतोय, पण जवळ येईना. आबांनी मोठ्यानं प्रभूची प्रार्थना म्हटली, तेव्हा कुठे वाट सुटली. तोच घंटा वाजली. टण्ण! एकदाच. अरे, किल्ली तर आबांच्या कमरेला! मग कंदील विझला. वारा नाही, काही नाही. विझलाच.

आबांनी चाचपडत पुढच्या दाराचं कुलूप काढलं. दार ढकललं. आणि...

अबोली, हात सोड ना, दुखतोय.

आणि आत उजेड! सगळे दिवे लागलेले, बाकं गच्च भरलेली. तुम्ही हे देऊळ भरलेलं पाहिलंच नाही. मीही नाही. आता नाताळातसुद्धा मागची बाकं रिकामी असतात. पण त्या रात्री सगळे होते. गेलेले सगळे! पेटीवर मास्तर. पुढच्या बाकावर हॉलोवे साहेब. आणि बायकांच्या बाजूला आबांची आई, राहेलआजी. आबा लहान असतानाच ती गेली होती. तिच्या मांडीवर डोकं ठेवून ते प्रार्थनेत झोपायचे. तिनं पदर सावरला, सरकून जागा केली. "शांत्या, दमलास रे. ये, बस माझ्यापाशी."

आबा मला म्हणायचे, "पोरी, भीती नाही गं वाटली. मला बसायचं होतं."

जवळ गेले. बसायला वाकले. आणि बघतात तर आईच्या पायांत वहाणा!

आपल्या देवळात कुणी पायताण घालून शिरत नाही. आपल्या लोकांचं बघून साहेबसुद्धा बूट पायरीवर काढायचे. आबांनी मान फिरवली. साहेबांच्या पायांत बूट! मास्तरांच्या पायांत जोडे! सगळं देऊळ पायताणं घालून बसलेलं! चेहरे बरोबर, आवाज बरोबर. पण ते कोंडलेलं वाईट कधी आपल्या पायांनी पायरी चढून आत आलंच नव्हतं. पायरीवर काय काढून ठेवतात, ते त्याला कुठून कळणार?

आबा धावले उत्तरेच्या दाराकडे. कडी हलेना! कुणी धरून ठेवल्यासारखी! मागून आईचा आवाज, "शांत्या, मला टाकून चाललास? एकदा बघ तरी." आबा रडत होते, पण वळले नाहीत. कंदिलाच्या बुडानं कडी ठोकली. ठोकली. ठोकली! निघाली! काहीतरी बर्फासारखं गार डोक्यावरून सुसाट बाहेर गेलं. सगळा अंधार. आबांनी दार लावलं, कडी घातली आणि घराकडे पळत सुटले. घरी पप्पा चुटूचुटू दूध पीत होते.

म्हणून सांगते, रात्री त्या कब्रस्तानाच्या वाटेनं जाऊ नका. कधीच नाही. आणि देवळात आपल्यातल्या कुणी बोलावलं, तर आधी पाय बघा. चेहरा मागाहून.

पण मी हे आजच का सांगितलं? काल फुलं ठेवायला आत गेले होते. उत्तरेच्या दारापुढं गीतांच्या पुस्तकांचं लोखंडी कपाट आहे. पाळकसाहेब म्हणाले, "तिकडून गार हवा येते." मला पुढे बोलताच आलं नाही. मोठ्या माणसांसमोर माझं असंच होतं. आणि कपाट एकटीला हलत नाही, मी लावून बघितला जोर.

"हन्ना! अगं हन्ना, माळ धरायला ये!"

मम्मी. देवळाच्या दारात उभी आहे. थांबा. अनवाणी आहे, म्हणजे मम्मीच. आले गं! ऐका, उद्या घंटेच्या आधी या. निर्मल, तू कपाटाची एक बाजू धर, अबोली आणि मी दुसरी धरतो, आणि कुणी विचारलंच, तर सांगायचं की आबांनी हे दार उघडं ठेवायला सांगितलं होतं.