किल्लीवाल्याच्या घरचं कुलूप

...आणि वर मलाच विचारते, "काका, समजलं ना?" अहो, छत्तीस वर्षं मी कोपऱ्यावर बसून किल्ल्या करतोय, आणि ही मला कुलूप समजावते! डॉक्टरीणबाई हो, माझ्या बायकोच्या. आम्हाला लेक असती तर तिच्या वयाची, पण मायाळू... कागदावर गोल काढला. म्हणे, ही काकूंच्या रक्तातली कॅन्सरची पेशी. हिच्यात काइनेज नावाचं प्रोटीन असतं. ते दुसऱ्या प्रोटीनला फॉस्फेटचा कण चिकटवतं, की त्याला निरोप पोचतो, चल, वाढ! काम झालं की कण निघतो, निरोप संपतो. काकूंचं काइनेज मात्र चिकटवतच सुटलंय! वाढ, वाढ, वाढ... थांब म्हणून कुणी सांगायचं? एकदा उघडलं की बंदच होईना, हे कुठलं कुलूप म्हणायचं!

उपाय काय, तर गोळी. काइनेज जिथून फॉस्फेट उचलतं ना, त्या खाचेत गोळी जाऊन बसते, की ते गप्प! म्हटलं, म्हणजे कुलपात तुटकी किल्ली अडकते तसं? बाई खूश, "अगदी बरोबर, काका!" तुम्हाला सांगतो, जन्मभर लोकांच्या कुलपांतल्या तुटक्या किल्ल्या चिमट्याने उपसल्या मी, आणि इथे रोज हात जोडायचो, अडकून राहा गं बाई, हलू नकोस!

राहिली की! दोन वर्षं! बायको जिने चढायची, वर मलाच टोमणा, "एवढीशी गोळी माझं ऐकते, तुम्ही कधी ऐकलंत?" आणि मग रिपोर्ट आला. खाचेचा आकार बदलला म्हणे, केसभर! गोळी बसेना. दुसरी दिली, तीही बसेना... अहो, किल्ली आत असताना घाट बदलतं, हे कुठलं कुलूप म्हणायचं! बाईंना म्हटलं, आणा ती गोळी इकडे, कानस मारून देतो. हसल्या नाहीत हो त्या. खांद्यावर हात ठेवला माझ्या. तेव्हा कळलं.

गेली. दवाखान्यात दहा दिवस उशाशी बसलो होतो, तरी गेली. घरी आलो, बेल दाबली... आणि उभा! आम्ही दोघंच घरात, कोण उघडणार? खिसे चाचपतोय, किल्ली कुठाय? कधी ठेवलीच नव्हती हो मी, आत ती असायची ना! निघताना कुलूप तिनेच लावलेलं, किल्ली तिच्या पर्समध्ये, पर्स वॉर्डात. शेवटी स्वतःचं दार तारेने उघडलं, चोरासारखं.

दुसऱ्या दिवशी बसलो किल्ली करायला. गिऱ्हाइकाला मी नेहमी बजावतो, "दोन करून घ्या, एक घरच्यांकडे असू दे." मी एकच केली. दुसरी देऊ कुणाला, सांगा ना?