गांगल मास्तरांचा चुकलेला जोड

मंडळी, बसलात ना नीट? पेटीवाले, सूर धरून ठेवा. आज आधी एक प्रश्न. शिष्यानं गुरूचा शब्द अक्षरशः पाळला — आणि घात झाला! तर पाप कुणाच्या माथी? गुरूच्या की शिष्याच्या? घाई नको हं! आधी ऐका, मग बोला.

कोकणच्या किनाऱ्यावर एक संस्था होती. भर समुद्रात पवनचक्क्या उभ्या करतात ना, त्यांचे पाय कसे रोवायचे हे तिथे इंजिनियर पोरांना शिकवत. शिकवणारे वासुदेव गांगल मास्तर. काय तो दरारा! वर्गात माशीसुद्धा परवानगी काढून बसायची!

आता चक्कीचा पाय म्हणजे काय? समुद्राच्या तळात भलामोठा पोलादी नळ ठोकायचा. त्यावर दुसरा नळ टोपीसारखा चढवायचा. मधल्या फटीत सिमेंटचा माल भरायचा. तो कडक होऊन घट्ट बसला की झाला जोड! अख्खी चक्की त्या जोडावर उभी. मास्तर हा जोड एका सोडवलेल्या उदाहरणावरून शिकवत. दरवर्षी तेच उदाहरण. पोरं आकडे बदलत आणि पास होत.

एका वर्षी कृत्तिका नार्वेकर नावाची मुलगी वर्गात उभी राहिली. "सर, कुदळीचा दांडा हलून हलून सैल होतो. इथे वारा नि लाटा जोडाला दोन्हीकडून हलवणार. मग माल सुटून वरचा नळ खाली नाही का घसरणार?"

मास्तर काय म्हणाले असतील? "नार्वेकर, कुदळच मारायची असेल तर शेतावर जा! इथे मी सांगतो तसं करायचं!"

वर्ग खो खो हसला. तुम्हीही हसलात की! पोरगी लाजेनं लाल होऊन खाली बसली. पुन्हा कधी काही विचारलं नाही तिनं. परीक्षेत पहिली मात्र आली हं!

पुढे मास्तर निवृत्त झाले. कृत्तिका मोठ्या हुद्द्यावर गेली. समुद्रातल्या चक्क्यांचे जोड तीच आखू लागली. एका दुपारी मास्तर रिकामे बसले होते. सहज ते उदाहरण पुन्हा सोडवायला घेतलं — आणि चूक सापडली! उदाहरण बंदराच्या धक्क्याच्या खांबाचं होतं. वरून भार येणाऱ्या, जागच्या जागी उभ्या खांबाचं! भर समुद्रात डोलणाऱ्या चक्कीला ते लागूच नव्हतं. तिथे वरचा नळ अडवून धरायला आतून आधाराची कडी हवी होती. पोरगी बरोबर होती हो!

तेवढ्यात आली गुरुपौर्णिमा. शिष्यांनी सत्कार ठेवला. शाल, नारळ, हार — सगळं यथासांग! मास्तर माइकपुढे उभे राहिले. "बाळांनो, माझं उदाहरण चुकीचं आहे. मी तुम्हाला चुकीचं शिकवलं. ते जोड समुद्रात बसवू नका!"

आणि काय झालं, मंडळी? टाळ्या! टाळ्यांचा कडकडाट! "काय हा नम्रपणा! एवढा मोठा माणूस, पण 'मी चुकलो' म्हणतो!" एक जण तर डोळे पुसत होता!

"अरे, नम्रपणा नव्हे रे! खरंच चुकलंय!" मास्तर ओरडले. टाळ्या आणखी वाढल्या.

मास्तर धडपडत कृत्तिकेपाशी गेले. "पोरी, तू विचारलं होतंस. वरचा नळ घसरेल म्हणाली होतीस!"

"सर, मला तेव्हा काय कळत होतं? बावळट होते मी." ती पाया पडली. "आज जी काही आहे, ती त्या उदाहरणामुळे. त्यात चूक असेलच कशी?"

मास्तरांनी तिचे दोन्ही हात धरले. "ऐक गं माझं, हात जोडतो!"

"ऐकतेच आहे ना, सर, इतकी वर्षं."

कृत्तिकेनं आखलेल्या चक्क्या उभ्या राहिल्या. पावसाळाभर डोलल्या. पाऊस सरल्यावर इब्राहिम मुकादम नावाचा फिटर पाहणीसाठी एका चक्कीच्या शिडीवर चढला. तेवढ्यात वरचा नळ खचकन खाली घसरला! शिडी उखडली. इब्राहिम समुद्रात पडला तो पडलाच. त्याची बायको अजून बंदरावर येऊन बसते म्हणतात.

कृत्तिका मास्तरांच्या दारात आली. डोळे सुजलेले. "सर, माझं काय चुकलं? मी तर तुम्ही शिकवलंत तसंच केलं!"

काय सांगणार मास्तर? 'तू चुकली नाहीस' म्हणावं, तर एक माणूस हकनाक गेला. 'चुकलीस' म्हणावं, तर कुठल्या तोंडानं? ते तिच्याशेजारी उंबऱ्यात बसले. ती रडत होती, आणि त्यांना तिच्या पाठीवरून हात फिरवायचाही धीर होईना.

बोला आता! पाप कुणाच्या माथी? घरी लेकरू विचारतं, "बाबा, असं का?" आणि तुम्ही खेकसता, "सांगितलं तेवढं कर!" खरं की नाही?

बघा! माना डोलावताय! सगळेच्या सगळे! अहो, पटलं म्हणून की बुवा म्हणतोय म्हणून? मघापासून मी एकटा बडबडतोय. एकानं तरी म्हटलं का, "बुवा, थांबा, हे मला पटत नाही"? नाही म्हटलं! आणि उद्याही म्हणणार नाही, मला माहीत आहे. चला, उचला टाळ, घ्या देवाचं नाव. मी चुकलो, तर तुमच्यातला एकही मला अडवणार नाही.