गुआगुआ

सांतुर्सेच्या दवाखान्यात माझ्या शेजारी गायिका यारेलिस आणि तिची आत्या बसल्या होत्या.

"रेकॉर्ड कंपनीवाले म्हणाले, गाण्यात बसला आपला इथला 'गुआगुआ' नको, 'आउतोबूस' म्हण. चिलीत गुआगुआ म्हणजे तान्हं बाळ. लोक हसतील."

"हसू देत मेले! तुझ्या बापानं तीस वर्षं गुआगुआच चालवली. गाणं त्याच्यावरच ना?"

"हो."

"मग काय केलंस?"

"बदललं."

"लाज नाही वाटली?"

"वाटली, आत्या! म्हणून काल परत जाऊन भांडले. म्हटलं, बाबांचा शब्द ठेवा, नाहीतर गाण्यावरचं माझं नाव काढा."

"मग?"

"नाव काढलं. गाणं दुसरीला दिलं."

"चोर कुठले! ऊठ. आत्ता म्हण."

"इथं?"

"इथंच. मोठ्यानं."

ती गायली. नर्सनं माझं नाव पुकारलं, पण मी जागची हलले नाही.